शंभर वॅटचा खोका आणि विसर्जनाची भिंत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला ध्वनिप्रदूषणावरचा लेख वाचला. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींबद्दल लेखकाने जे लिहिलं आहे, त्यातल्या एकाही ओळीला माझा आक्षेप नाही. आणखी दोन शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्याच झपाट्यात त्यांनी रॉक वाजवणारी पोरं आणि त्यांचे जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचे, अ‍ॅम्प्लिफायरही त्याच माळेत ओवले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं भंगार लाखो रुपये मोजून घ्यायचं, ते केवळ शेजाऱ्यांच्या कानठळ्या बसवायला, असं ठोकून दिलं. तिथे मला राहवेना.

मी मूळचा गिरगावचा. ठाकूरद्वारच्या एका दुकानात मर्फी आणि बुशचे रेडिओ उघडायला शिकलो आणि सत्तरच्या दशकात इकडे लंडनच्या पश्चिमेला साउथॉलला आलो. टीव्ही दुरुस्त करायचो. पुढे टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले आणि माझ्या बरोबरीचे मेकॅनिक व्हॉल्व्ह विसरून गेले. गिटारवाले मात्र विसरायला तयार नव्हते. त्यांचे खोके उघडायला कुणी मिळेना, म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले. म्हणजे या विषयात मी कलावंत नाही, हमाल आहे. तेव्हा लिहितो ते हमालाच्या बाजूने.

साउथॉलहून २०७ नंबरची बस अक्सब्रिज रोडने ईलिंगकडे जाते. वाटेत हॅनवेल लागतं. तिथे ७६ नंबरच्या गाळ्यात जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. जगभरच्या रॉक कार्यक्रमांच्या फोटोत मागे जे काळे खोके दिसतात आणि ज्यांच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव असतं, तो हा मार्शल. माणूस मुळात ड्रमवाला. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे बरीच वर्षं प्लास्टरमध्ये काढलेली, मग टॅप डान्स, गाणं आणि ड्रमच्या शिकवण्या. १९६० साली त्याने दुकान काढलं. ड्रम शिकायला येणाऱ्यांबरोबर गिटारवाली पोरंही यायची आणि कुरकुरायची, की अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा परवडत नाही आणि इथले अ‍ॅम्प्लिफायर मिळमिळीत वाजतात. दुकानात दुरुस्ती करणारा केन ब्रान आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत उमेदवारी करणारा डडली क्रेव्हन नावाचा पोरसवदा तंत्रज्ञ, या दोघांनी फेंडरच्या ‘बेसमन’चं सर्किट पुढ्यात घेतलं आणि १९६२ मध्ये आपला अ‍ॅम्प्लिफायर बांधला. ‘जेटीएम ४५’ म्हणतात तो हा.

सर्किट जवळजवळ उतरवून काढलेलं, पण सामान इथलं. फेंडरने पहिल्या टप्प्याला जो व्हॉल्व्ह घातला होता, त्याच्या जागी यांनी ईसीसी ८३ बसवला. तो आवाज जास्त वाढवतो. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडचा. फेंडरच्या मागून उघड्या पेटीत दहा इंची चार स्पीकर असायचे, तर यांनी सगळीकडून बंद पेटी करून तिच्यात सेलेस्टियनचे बारा इंची चार स्पीकर कोंबले. एवढ्या फरकाने आवाजाची जातच बदलली.

आता मोठा आवाज का लागतो ते सांगतो. लेखातली सगळी गल्लत इथेच आहे.

त्या काळच्या या अ‍ॅम्प्लिफायरना हल्लीसारखा मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे आतले व्हॉल्व्ह ताणूनही शेवटचा आवाज वेगळा कमी करायचं बटण, नसे. बटण तीनवर ठेवलं तर गिटार स्वच्छ, जराशी कोरडी वाजते. सात-आठच्या पुढे नेलं की आतल्या व्हॉल्व्हना त्यापुढे काही द्यायला उरत नाही. ट्रान्झिस्टर अशा वेळी लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट करतो आणि ते कानाला टोचतं. व्हॉल्व्ह मात्र माथा गोलावत, दाबत आणतो. त्याच वेळी आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं लोखंड भरून येतं, स्पीकरचा कागद ताणला जातो आणि पॉवर सप्लायचा व्होल्टेज जरासा खाली बसतो. भिंतीतल्या एसीची डीसी करणारा रेक्टिफायरसुद्धा व्हॉल्व्हचा असेल, जेटीएम ४५ मध्ये जीझेड ३४ असायचा, तर हे बसणं आणखी कळतं. तार छेडली की सूर क्षणभर दबतो आणि मग फुगून वर येतो. ऐकणाऱ्याला हे नीटसं कळत नाही, वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतं. माझ्याकडे येणारा प्रत्येक गिटारवाला हाताने हवेत काहीतरी दाबून दाखवत हेच सांगायचा प्रयत्न करत असे.

म्हणजे त्यांना हवा असतो तो सगळी साखळी ताणली गेल्यावरचा सूर. आवाज मोठा होतो, कारण साखळी ताणायला दुसरा मार्ग त्या खोक्यात ठेवलेलाच नाही.

आपल्या वाचकांना हा सूर तंबोऱ्यावरून चटकन कळेल. जवारी लावलेली नसेल तर तार नुसती टणटणते. मिरजेच्या कारागिराने घोडीवर दोरा जागच्या जागी सरकवला की त्याच तारेतून वरचे स्वर झरू लागतात. व्हॉल्व्ह ताणला की तेच होतं. षड्ज वाजवला तर वर तार षड्ज उमटतो, त्याच्यावर पंचम आणि त्याच्याही वर आणखी स्वर. म्हणूनच तर रॉकवाले एवढ्या ताणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर पूर्ण कॉर्ड, म्हणजे सा-ग-प एकत्र, धरत नाहीत. गंधार मध्ये घातला की सगळ्यांचे वरचे स्वर एकमेकांत अडकून चिखल होतो. ते धरतात फक्त सा आणि प. त्याला ‘पॉवर कॉर्ड’ असं भारदस्त नाव आहे, पण जोडी आपल्या तंबोऱ्याचीच. डीजेच्या भिंतीचं काम याच्या अगदी उलट. दुसऱ्या कुणी आधी वाजवून ठेवलेलं गाणं हजारो वॅटने हवेत फेकायचं. तिथे अ‍ॅम्प्लिफायर हा निरोप्या, इथे तो वाद्याचा अर्धा भाग. गिटार आणि खोका वेगळे केले तर उरतं ते तार लावलेलं लाकूड.

आता शंभर वॅट आले कुठून? तेव्हा हॉलमध्ये लाउडस्पीकरवर जायचा तो फक्त गायकाचा आवाज. गिटार जेवढी ऐकू जाईल ती आपल्या खोक्यातून. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शिआ स्टेडियमवर बीटल्सपुढे पंचावन्न हजारांहून जास्त माणसं किंचाळत होती आणि त्यांच्या मागे होते व्हॉक्स कंपनीचे शंभर-शंभर वॅटचे खोके. व्हायचं तेच झालं, कुणाला काही धड ऐकू आलं नाही. त्याच सुमारास ‘द हू’चा पीट टाउनशेंड मार्शलकडे गेला आणि शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर मागितला. त्याला आठ स्पीकरची एकच पेटी हवी होती. ती झालीही. पण उचलताना हमालांच्या कमरा मोडू लागल्या, तेव्हा तिचे दोन तुकडे करून एकावर एक रचले. मार्शल स्टॅक म्हणून ज्याची पोस्टर लागतात, त्याचा जन्म हा असा पाठदुखीतून झालेला आहे.

ती गरज कधीच संपली. सत्तरच्या दशकात प्रत्येक वाद्याला माइक लावून मोठ्या सिस्टिममधून वाजवायची पद्धत रुळली. आज पंधरा वॅटच्या पेटीसमोर एक माइक ठेवला की स्टेडियम भरतं. तरी फोटोसाठी मागे खोक्यांची भिंत हवीच. त्यातले काही आतून रिकामे असतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दिखाव्याबद्दल लेखकाने बोट ठेवलं असतं तर मी टाळी दिली असती.

वॅटची आकडेवारीही लेखात उलटी पडली आहे. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलने वाढतो. म्हणजे कानाला जेमतेम ‘हं, जरा वाढला’ इतकंच. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. मार्शलच्या पेटीत जे सेलेस्टियन स्पीकर असतात, त्यांना एकच वॅट दिला तरी मीटरभर अंतरावर साधारण ९८ डेसिबल आवाज होतो. एक वॅट! आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. तेव्हा कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये शंभरचा काय नि पाचाचा काय, ताणून वाजवला की दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर.

तरीही फरक आहे आणि तो पाचाच्या बाजूने आहे. लोकांना वाटतं रेकॉर्डवरचे राक्षसी सूर राक्षसी खोक्यांतून आले. लेड झेपेलिनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर जिमी पेजने वाजवला तो सुप्रोचा लहानसा अ‍ॅम्प्लिफायर. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये आपल्या गाजलेल्या अल्बमसाठी पाच वॅटचा फेंडर चॅम्प वापरला. तो हातात धरून जिना चढता येतो. नील यंग आयुष्यभर एका १९५९ च्या फेंडर डिलक्सला चिकटून आहे, तो पंधरा वॅटच्या आसपास. लहान खोका लवकर ताणला जातो, एवढंच त्याचं गुपित. उलटं उदाहरण द्यायचं तर हाच क्लॅप्टन १९६६ मध्ये जॉन मेयॉलबरोबर डेक्काच्या स्टुडिओत गेला आणि मार्शल स्टेजवर वाजवतो तेवढाच मोठा वाजवणार म्हणून अडून बसला. स्टुडिओतल्या लोकांच्या पोटात गोळा आला, पण त्या रेकॉर्डने पुढच्या साऱ्या गिटारवाल्यांची चव ठरवली. एडी व्हॅन हेलनने तिसरीच वाट काढली. शंभर वॅटच्या मार्शलला व्हेरिअ‍ॅक लावून भिंतीतला व्होल्टेजच कमी द्यायचा. बटण पूर्ण चढवलेलं, पण खोका उपाशी. मेकॅनिक म्हणून मला हा प्रकार भयंकर वाटतो, कारण व्हॉल्व्ह तापवणाऱ्या फिलामेंटचा व्होल्टेजही त्याबरोबर पडतो. पण आवाज ऐकल्यावर गप्प बसावं लागतं.

एका बाबतीत मात्र खरोखरच मोठा आवाज लागतो आणि ते लपवण्यात अर्थ नाही. फीडबॅक. स्पीकरमधून निघालेली हवा गिटारच्या तारांना परत हलवते आणि सूर संपतच नाही. जिमी हेंड्रिक्स खोक्याकडे वळून उभा राहायचा, एक पाऊल पुढे, एक मागे, आणि सूर बदलायचा. हे इअरफोनवर होत नाही. आजच्या कॉम्प्युटरच्या पेट्या या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल फार छान करतात. रेकॉर्डवर मलाही दोन्ही वेगळे ओळखता येत नाहीत आणि मोठमोठे कलावंत त्या घेऊन दौरे करतात. पण स्टेजवर मागून पाठीला लागणारा तो वारा त्या पेट्यांत नाही आणि पोरांना हवा असतो तोच.

त्या वाऱ्याची किंमत कानांनी मोजावी लागते. टाउनशेंड कित्येक वर्षं कानातल्या घोंघावण्याबद्दल उघड बोलतो आहे. क्लॅप्टनने तेच सांगितलं. एसी/डीसीचा गायक ब्रायन जॉन्सन २०१६ मध्ये बहिरेपणाच्या भीतीने दौरा सोडून घरी बसला. १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टन मैदानावर वाजवलेल्या कार्यक्रमामुळे ‘द हू’चं नाव सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून गिनीज बुकात गेलं. पुढे गिनीजने हा विभागच गुंडाळला, कारण पोरं विक्रम मोडायला निघतील आणि कान घालवतील. हिशेब साधा आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतो, त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पाव तास. पाव तासात तर यांचं सुरांत लावून होत नाही. कानात बोळे घातल्याशिवाय माझ्या वर्कशॉपमध्ये कुणालाही आठच्या पुढे बटण नेऊ देत नसे. दुरुस्तीचे पैसे बुडाले तरी चालतील, म्हणायचो.

‘भंगार’ या शब्दाबद्दल मात्र मी लेखकाच्या थोडा बाजूने आहे. जुनं ते सोनं, या नादात गिटारवाले स्वतःला फार लुटून घेतात. अमुक साली ब्लॅकबर्नच्या मुलार्ड कारखान्यात बनलेला व्हॉल्व्ह म्हणजे अमृत, असं समजून आजच्या दहापट पैसे देतात. व्हॉल्व्ह चांगले होते यात शंका नाही. पण त्याच खोक्यातले साठ वर्षांपूर्वीचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे डबे, आतून वाळून गेलेले असतात आणि ते बदलू देत नाहीत, ‘ओरिजिनल’ राहायला हवं म्हणून. मग खोका गुणगुणतो, ट्रान्सफॉर्मर जळतो आणि ओरिजिनल ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून रडत येतात. कंडेन्सर ही बदलायचीच वस्तू आहे.

उघडल्यावर पहिलं काम काय, ते इथे लिहून ठेवतो, कारण यूट्यूब बघून स्क्रू काढणारे वाढलेत. आत साडेचारशे ते पाचशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर ते धरून बसतात. रेझिस्टरमधून ते उतरवायचे, मीटर लावून आकडा खाली येताना बघायचा आणि तोवर डावा हात खिशात. मग एक वाळकी लाकडी काडी, चिनी हॉटेलात मिळते ती उत्तम. चालू खोक्यात तिने एकेका जोडावर टिचक्या मारत जायचं. जिथे खरखर उठेल तिथला सोल्डर सुटलेला. आणि डोळे व्हॉल्व्हवर. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक असेल तर काळजी नाही. आत जांभळट धुकं भरलं तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. आतली धातूची प्लेट लाल पडायला लागली तर विचार करत बसायचं नाही, स्विच बंद.

आणि हे व्हॉल्व्ह काही फक्त गोऱ्यांची मक्तेदारी नव्हते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने आपल्या रेडिओंसाठी ईसीसी ८३ आणि ईएल ८४ बनवले. व्हॉक्सच्या एसी ३० मध्ये, म्हणजे क्वीनचा ब्रायन मे वाजवतो त्यात, हाच ईएल ८४ लागतो. मुंबईला आलो की लॅमिंग्टन रोडवर जुन्या दुकानांच्या माळ्यावर मी त्या खोक्यांचा शोध घ्यायचो. दुकानदार हसायचा. आज तेच व्हॉल्व्ह इंटरनेटवर इकडचे लोक भाव लावून घेतात. हल्ली मोठे कारखाने उरलेत ते रशियात साराटोव्हला आणि स्लोव्हाकियात चाडत्साला, शिवाय चीनमध्ये. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि रशियाचा माल अडला, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांनी सहा-सहा संच घरात साठवून ठेवले. मार्च महिन्यात फोनने माझं डोकं उठवलं होतं.

आपल्याकडच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. मुलगा अमेरिकेहून मोठ्या हौसेने फेंडर घेऊन येतो, तो १२० व्होल्टचा असतो. पुण्यात भिंतीत खुपसला की धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, वॅट बघून घ्या. दुसरी, जुन्या फेंडरमधले भाग काळ्या फायबरच्या पाटीवर बसवलेले असतात. ती पाटी ओल धरते आणि कोकणातल्या पावसाळ्यात स्वतःच थोडीफार वीज वाहू लागते. न कळणारी खरखर येते, मेकॅनिक व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह बदलत राहतो. आधी पाटी वाळवून बघा.

राहिला सार्वजनिक त्रासाचा मुद्दा. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात वर्षानुवर्षं रॉक वाजलं. १९८६ मध्ये सुरू झालेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ तिथलाच. शेजारी रुग्णालयं, त्यामुळे पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने तिथले कार्यक्रम बंद पडले. नियम बरोबरच होता. पोरं हळहळली, पण रस्त्यावर ट्रक आणून, वर्गणी मागून, रुग्णालयाच्या दाराशी कुणी वाजवायला बसलं नाही. लेखकाने दोघांना एका ओळीत बसवताना एवढं तरी बघायला हवं होतं.

शेवटी एक विनंती. लेखाच्या चौकटीत ‘शंभर वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर पन्नास वॅटच्या दुप्पट मोठा वाजतो’ असं छापलं आहे. ते चूक आहे, फरक तीन डेसिबलचा. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी. नाहीतर ते वाचून एखादा पोरगा पन्नासऐवजी शंभरचा खोका घरी आणेल, आणि त्याच्या सोसायटीचे लोक तक्रारीचं पत्र मला नाही, आपल्याला पाठवतील.

आपला नम्र,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक
साउथॉल, लंडन (मूळ मुक्काम गिरगाव)